ममीला भेटायला नेणाऱ्या बाई

बिलोलीकर बाई सहावीच्या मुलांना ममी बघायला नेत नसत, भेटायला नेत. वर्गात एखाद्यानं "बाई, ममी बघायला कधी जायचं?" असं विचारलं, की त्या हातातला खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बघायला जातात ते माकड. माणसाला भेटायला जायचं असतं."

मी त्या शाळेत गणित शिकवायचो. गौलीगुड्याच्या एका गल्लीतली आमची मराठी शाळा. खाली दोरखंडाची आणि तेलाची दुकानं, वर वर्ग. निजामाच्या राज्यात कधीतरी मराठवाड्याकडून शहरात आलेल्या कुटुंबांची मुलं आमच्याकडे यायची. कुणाचे वडील कचेरीत, कुणाचे वकिलाकडे कारकून, कुणाचं किराणा दुकान. मुलं घरी मराठी बोलायची, गल्लीत दक्खनी, बाजारात तेलुगू, आणि वर्गात तिन्हीची खिचडी. "बाई, हा धडा नक्को, तो ममीवाला सांगा ना," अशी फर्माईश मी पातळ भिंतीपलीकडून कितीदा तरी ऐकली आहे.

शिक्षक कमी, त्यामुळे बाई इतिहासही शिकवायच्या आणि विज्ञानही. उंच, काटक अंगलट, गडद काठाची नारायणपेठी साडी, केसांचा घट्ट अंबाडा. वडील निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकवणारे मास्तर होते, त्यामुळे बाईंचं उर्दू अगदी साफ होतं. पण दोन्ही भाषांत त्यांना एक गोष्ट अजिबात खपत नसे. मरणाला दुसरा शब्द वापरलेला त्यांना चालत नसे. 'देवाघरी गेले', 'गुजर गये', 'आपल्यात राहिले नाहीत' यातलं काही त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. माझे वडील गेले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्यासमोर खाली मान घालून बसले होते. बाई सरळ माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे वडील मेले, फार वाईट झालं. शेवटी त्रास झाला का त्यांना?" खोलीतली माणसं दचकली. मला मात्र घरून निघाल्यापासून पहिल्यांदा मोकळं रडता आलं.

मुलांना त्या पहिल्याच तासाला सांगायच्या, "मरणं आणि कुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मरणं कुणाला थांबवता आलं नाही. कुजणं थांबवता येतं. कसं, ते तुमच्या आईला विचारा."

मुलं गोंधळायची. मग बाई एकेकाला उभं करून विचारायच्या. घरी कैरीचं लोणचं वर्षभर कसं टिकतं? सांडगे उन्हात का घालतात? सुकटीला किडे का पडत नाहीत? हळूहळू उत्तर मुलांच्याच तोंडून यायचं. कुजवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना जगायला पाणी लागतं. पाणी काढून घेतलं की त्यांचं काही चालत नाही. "झालं तर मग," बाई म्हणायच्या. "इजिप्तच्या लोकांनी हेच केलं. त्यांच्याकडे तळ्याकाठी एक खार मिळायचा, आपल्या मिठासारखा आणि पापडखारासारखा. त्यात ते देह पुरून ठेवायचे. खार सगळं पाणी शोषून घ्यायचा. त्याच्याही आधी तिथल्या गरीब माणसांना नुसतं वाळूत पुरायचे, तर तापलेल्या वाळूनंच ते काम केलं होतं. वाळूनं शिकवलं, माणूस शिकला."

मग यायचा मुलांचा आवडता भाग. नाकातून आकडा घालून मेंदू कसा बाहेर काढत, तो भाग. मुलं "ई ऽ ऽ" करून एकमेकांच्या नाकाला हात लावायची. बाई त्यांना मनसोक्त किळस करू द्यायच्या. कुशीला छेद देऊन आतडी, यकृत, फुप्फुसं काढायची, ती वेगळी वाळवून मडक्यांत ठेवायची. पोट धुवायचं. देह सुकला की तेल आणि राळ चोळायची आणि जवसाच्या सुताच्या पट्ट्या गुंडाळायच्या, प्रत्येक बोट वेगळं.

"आणि काळीज?" कुणीतरी विचारायचंच.

"काळीज आतच ठेवायचे. माणूस काळजानं विचार करतो असं त्यांना वाटायचं. मेंदू फेकून दिला आणि काळीज जपलं." मग खडूची बोटं झटकत म्हणायच्या, "चुकीचं होतं. पण वाईट नव्हतं."

एका वर्षी त्यांनी हा प्रकार प्रत्यक्ष करून दाखवायचं ठरवलं. शिपाई यादगिरीला सांगून बाजारातून एक वीतभर मासा आणवला. मुलांकडून तो साफ करवला, घरोघरचं मीठ आणि पापडखार मिसळून एका पत्र्याच्या डब्यात तो पुरला आणि डबा कपाटात ठेवला. आमचे मुख्याध्यापक हिप्परगेकर सर कट्टर शाकाहारी. त्यांना कुणीतरी बातमी दिली. ते रुमाल नाकाला लावून वर्गात आले आणि म्हणाले, "बाई, सरस्वतीच्या देवळात मासा?"

"सर, रुमाल काढा आणि वास घ्या," बाई म्हणाल्या. "वास आला तर मासाही बाहेर आणि मीही बाहेर."

सरांनी रुमाल काढला. थोडा वेळ नाक फेंदारून उभे राहिले. मग रुमाल खिशात घालून गेले. डबा उघडला त्या दिवशी मात्र ते आपण होऊन आले होते. मासा लाकडासारखा टणक झाला होता. मुलांनी तो हातोहात फिरवला. सरांनी लांबूनच पाहिला आणि म्हणाले, "डोळे राहिले नाहीत."

"डोळ्यांत पाणीच जास्त असतं, सर," बाई म्हणाल्या.

त्याच वर्गात बालाजी नावाचा एक मुलगा होता. त्याचे आजोबा नुकतेच गेले होते. मासा पाहून झाल्यावर तो बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मी हजेरीपट घ्यायला तिथं गेलो होतो, म्हणून ते बोलणं माझ्या कानावर पडलं.

"बाई, आमच्या आजोबांना पण असं ठेवता आलं असतं?"

"आलं असतं."

"मग का नाही ठेवलं?"

बाईंनी त्याला जवळ घेतलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. मोठ्या माणसाशी बोलावं तसं त्या बोलल्या. "ठेवलं असतं तर तुला ते रोज दिसले असते, बालाजी. पण त्यांना तू दिसला नसतास. तू आजोबा आजोबा म्हणाला असतास आणि ते गप्प राहिले असते. तुला चाललं असतं?"

त्यानं बराच विचार केला. "नाही," म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

शहराच्या मोठ्या बागेतल्या म्युझियममध्ये ती ममी काचेच्या पेटीत आहे. कोवळ्या वयाची मुलगी असावी, असं तिथली मंडळी सांगत. डिसेंबरात, ऊन सुखाचं असताना, बाई मुलांना सिटीबसनं तिथं न्यायच्या आणि एक मोठं माणूस सोबतीला हवं म्हणून बहुतेक वेळा मला घ्यायच्या. आत शिरण्यापूर्वी व्हरांड्यात सगळ्यांना बसवून सांगायच्या, "आत एक मुलगी आहे. तिला आई होती. तिचे दात पडून नवे आले होते, तुमच्यासारखेच. तिला हसायचं नाही. भीती वाटली तर मला सांगायचं, लाज वाटून घ्यायची नाही."

आत गेल्यावर प्रत्येकानं पेटीसमोर उभं राहून आपलं पूर्ण नाव सांगायचं. "मी कविता रामराव सूर्यवंशी, इयत्ता सहावी." "मी महेश दिगंबर पांपटवार, इयत्ता सहावी." इतर पाहुणे थांबून बघत, काही हसत. बाईंना त्याचं काही नसे. मुलं आधी खिदळत आत गेलेली असायची. पण आपलं नाव त्या काळपट, लहानखुऱ्या चेहऱ्यासमोर उच्चारलं की प्रत्येकाचा आवाज खाली यायचा.

एकदा सहलीच्या दुसऱ्या दिवशी एका मुलाची आजी शाळेत आली. मढं पाहून आला म्हणून तिनं नातवाला अंगणातच उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं होतं, आणि आता ती भांडायला आली होती. "लेकराला प्रेत दाखवता, कायकू?" असं म्हणून तिनं शिक्षकांची खोली डोक्यावर घेतली. बाई ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही बरोबर केलंत. तिथं येणारी माणसं तिला वस्तू समजतात. ते प्रेत आहे, हे ओळखून आंघोळ घालणाऱ्या तुम्ही एकट्याच." आजी भांडायचं विसरली. चहा पिऊन गेली. पुढच्या वर्षापासून बाई सहलीआधीच मुलांना सांगू लागल्या, घरी गेल्यावर आंघोळ करा.

नव्वदनंतरची ती वर्षं. आबिड्सच्या दुकानांत परदेशी वस्तू उघड्यावर मिळू लागल्या, घराघरांवर केबलच्या तारा आल्या, आणि आमच्या वर्गांतली बाकं रिकामी होऊ लागली. पालक नजर चुकवत दाखले मागायला यायचे. "सर, राग मानू नका, पण इंग्लिश मीडियमशिवाय आता काही खरं नाही." त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. आमचीच मुलं कुठं मराठी शाळेत होती? बाईंचा एकुलता एक मुलगा श्रीकांतही इंग्रजी शाळेतच शिकला. इंजिनियर झाला, अमीरपेठेत कंप्युटरचा कोर्स केला. दोन हजार साल लागताच संगणकातल्या तारखा उलटणार म्हणून अमेरिकेला माणसं हवी होती, त्या लाटेत तोही गेला. त्याचे वडील माधवराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले, दम्यानं बेजार, अबोल. त्यांचं मन नव्हतं. बाईंनीच आग्रह धरला. "जाऊ दे त्याला. इथं राहून काय, माझ्यासारखा रिकाम्या बाकांना शिकवणार आहे?" असं त्या मला म्हणाल्या होत्या.

श्रीकांत हसरा पोरगा. दर रविवारी फोन करायचा. सोमवारी बाई शिक्षकांच्या खोलीत त्याच्या बातम्या सांगायच्या. तिकडे मांस कसं गोठवून विकतात, दूध किती दिवस टिकतं, याच्याच त्या गोष्टी असत. श्रीकांतला आईची आवड ठाऊक होती. तो मुद्दाम तसलंच काही शोधून सांगायचा.

मग एका सकाळी, तिसरा तास चालू असताना, माधवराव शाळेत आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. ते माझ्या वर्गावरून पुढे गेले आणि बाईंच्या दाराशी उभे राहिले. मी बाहेर आलो. बाई वर्गाबाहेर आल्या. माधवराव एवढंच म्हणाले, "श्रीचा मित्र बोलला फोनवर. बर्फावरून गाडी घसरली."

"मेला?" बाईंनी विचारलं.

माधवरावांनी होकारार्थी मान हलवली.

बाई वर्गात परत गेल्या. मला वाटलं पर्स घ्यायला गेल्या. पण त्या मुलांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा मुलगा मेला आहे. मी घरी जाते. शेजारचे सर येतील, तोवर शांत बसा." मुलं उभी राहिली. बाईंनी फळा पुसला आणि त्या माधवरावांचा दंड धरून जिना उतरून गेल्या.

देह इकडे यायला फार दिवस लागले. तिकडच्या तेलुगू आणि मराठी मंडळींनी धावपळ केली, पण कागदपत्रांचं काम सरता सरेना. मी शाळा सुटली की अंबरपेठेला त्यांच्या घरी जाऊन बसायचो. घर माणसांनी भरलेलं. माधवरावांचे धाकटे भाऊ वसंतराव सगळं बघत होते. सूतक आहे की नाही, कधीपासून धरायचं, यावर बायका हलक्या आवाजात बोलत होत्या. जो येई तो, देवाला आवडला तो, असं काहीतरी म्हणे. बाई ऐकून घेत. पूर्वीसारख्या कुणाला टोकत नव्हत्या.

एका संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या पाटावर बसून भिंतीकडे बघत होत्या.

"एव्हाना त्याचं रक्त काढून घेतलं असेल," त्या म्हणाल्या. "मांडीजवळच्या नाहीतर मानेतल्या धमनीतून औषध आत सोडतात, आणि शेजारच्या शिरेतून रक्त बाहेर येतं. मग पोटात सळई घालून आतलं पाणी ओढून घेतात. त्याशिवाय विमानात घेत नाहीत."

मी म्हणालो, "बाई, नका विचार करू."

"सर, बाहेर सगळे रडतात. त्यांच्या डोळ्यांसमोर तो हसतो, खेळतो, लहानपणी पडला होता ते आठवतं. माझ्या डोळ्यांसमोर ते टेबल येतं आणि तो त्याच्यावर एकटा." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मला एवढं माहीत नसतं तर बरं झालं असतं."

इतक्या वर्षांत ज्ञानाबद्दल असं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुन्हाही कधी ऐकलं नाही.

पेटी बेगमपेठच्या विमानतळावर आली. वसंतराव आणि मी टेम्पो घेऊन गेलो. सामानाच्या गोदामातून ती बाहेर आली. लाकडाच्या खोक्यात आणखी एक जड, चकचकीत पेटी. घरी आणून बैठकीत ठेवली. गुरुजी येऊन बसले होते. वसंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, पेटी उघडायची नाही. अशीच स्मशानात न्यायची. विमानतळावरची माणसंही तेच म्हणाली. कसा असेल, काय असेल, कुणाला बघवणार नाही."

"अपघातात तोंडाला काही झालेलं नाही, असं त्याचा मित्र म्हणाला," बाई म्हणाल्या. "उघडा."

"वहिनी, दादांचा तरी विचार करा."

माधवराव आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. बाई दाराशी गेल्या. "अहो, उघडते आहे. येता?"

"मला नको दाखवू," ते म्हणाले. "तू बघ."

पेटीला आवळून स्क्रू बसवलेले होते. घरातल्या कुणाला ते जमेना. तेव्हा शेजारचे करीमभाई, ज्यांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं, ते आपली अवजारं घेऊन आले. चपला काढून बाहेर ठेवल्या, पेटीजवळ उकिडवे बसले आणि बाईंकडे पाहून म्हणाले, "अम्मा, खोलूं क्या?"

"खोलो, बेटा."

झाकण उघडलं तसा औषधाचा वास खोलीभर पसरला. डोळे चुरचुरायला लागले. श्रीकांतला काळा कोट आणि टाय घातला होता. इथं असताना त्यानं कधी टाय बांधला नव्हता. गालांना लाली लावली होती, ओठांवर रंग होता, आणि भांग उलट्या बाजूला पाडला होता. बायकांतून एक हुंदका उठला आणि सगळ्या मागं सरल्या. वसंतराव बाहेर निघून गेले.

वसंतरावांची नात रेवती, आठ वर्षांची, माणसांच्या पायांतून वाट काढत पेटीपाशी आली होती. तिच्या आईनं तिला मागं ओढलं. बाई म्हणाल्या, "राहू दे तिला."

रेवतीनं वाकून पाहिलं. "श्रीकाकानं लिपस्टिक लावलीय."

"त्यानं नाही, त्याला लावलीय. तिकडे तशी पद्धत आहे."

"कशाला?"

"आपल्याला भीती वाटू नये म्हणून."

"मला नाही वाटत भीती. वास कसला येतो?"

"औषधाचा. देह कुजू नये म्हणून आत भरतात. त्याला त्याचं काही कळत नाही, बाळा. दुखत नाही. तो मेलाय."

"मग तो रंग पुसू या?"

"पुसू या," बाई म्हणाल्या.

त्यांनी ओला पंचा मागून घेतला. कपाळापासून सुरुवात केली. रंग पंच्यावर उतरत गेला, आणि खालून जो चेहरा आला तो राखेच्या रंगाचा होता. तिथं असलेल्यांपैकी पुष्कळांनी तेव्हा माना वळवल्या. बाई थांबल्या नाहीत. कानामागं, मानेच्या वळीत, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं त्यांनी पुसलं. टाय सोडवला. कंगवा घेऊन भांग होता तसा पाडला. केस कडक झाले होते, बसेनात, तेव्हा तळहाताला पाणी लावून बराच वेळ दाबून धरले. मग गुरुजींना म्हणाल्या, "तुमचं करा आता."

स्मशानात नेताना चेहऱ्यावर कापड ओढलं होतं. माधवरावांनी अग्नी दिला तो खाली मान घालूनच.

तेराव्यानंतर बाई शाळेत आल्या. धडे शिकवले, वह्या तपासल्या. डिसेंबर आला तसा गेला, सहलीचं कुणी नाव काढलं नाही. पुढच्या वर्षी सहावीचा वर्ग शेवटचा, असं संस्थेनं जाहीर केलं. मूठभर मुलं उरली होती. त्यातल्याच एका मुलीनं, ऊर्मिलानं, हट्ट धरला, की माझ्या ताईला नेलं होतं, मग आम्हालाच का नाही. बाईंनी सहलीचा दिवस ठरवला.

मी सोबत होतो. व्हरांड्यात बसून त्यांनी नेहमीचं सगळं सांगितलं, खार, राळ, सुताच्या पट्ट्या. आवाज सपाट होता. मुलांनी आत जाऊन आपापली नावं सांगितली. मग ऊर्मिलानं विचारलं, "बाई, हिला पट्ट्या बांधणारे लोक हिच्या ओळखीचे होते का?"

काचेवर बाईंचा हात होता.

"नाही. परके होते. त्यांचा तो धंदा होता."

"मग त्यांना वाईट नसेल वाटलं."

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण बघ, एकेक बोट वेगळं गुंडाळायचे ते. घाईत असलेला माणूस तसं करत नाही. हलक्या हाताचे असावेत." आणि थोड्या वेळानं, कुणालाच उद्देशून नाही असं, "असावेत."

मग त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मुलांना उरलेली दालनं मी दाखवली.

शाळा बंद झाली. मला एका इंग्रजी शाळेत नोकरी मिळाली, बाई निवृत्त झाल्या. अंबरपेठेला जाणं कमी कमी होत गेलं. शेवटचा गेलो तेव्हा माधवराव फार थकले होते. दम्यापेक्षा आठवणीचा त्रास मोठा होता. मला त्यांनी ओळखलं नाही, पण हसून बसायला सांगितलं. बाईंच्या केसांत आता काळा केस दिसत नव्हता. त्या त्यांना चमच्यानं खिमट भरवत होत्या.

मध्येच माधवरावांनी चमचा हातानं थांबवला. "अगं, तू पेटी उघडली होतीस ना?"

"हो."

"कसा दिसत होता?"

मी खाली पाहिलं. बाईंनी त्यांच्या हनुवटीवर सांडलेलं पुसलं.

"चांगला दिसत होता," त्या म्हणाल्या. "नवा कोट घातला होता. गालांवर लाली होती."

"लाली होती?"

"हो. थंड हवेत राहिला होता ना. तिकडे सगळ्यांचे गाल तसे होतात."

माधवरावांचा चेहरा सैल झाला. त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचा घास घेतला.

बाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. रस्त्यापलीकडे जुनं घर पाडून तिथं चार मजली इमारत उठत होती, तिच्या धुळीनं त्यांच्या अंगणातली तुळस पांढरी झाली होती. मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "रोज विचारतात. दिवसातून कितीदा तरी. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं."

येतो, म्हणालो.

आतून माधवरावांची हाक आली, "अगं, ऐकलंस का? तू पाहिलंस ना त्याला?"

"आले," बाई म्हणाल्या, "सांगते." आणि पदराला हात पुसत त्या भराभर आत गेल्या.